पाणंद, सोंड, सडा

कोल्हापुरात माझ्या सायकलीला कुणी माउंटन बाइक म्हणत नाही. गल्लीत ती 'जाड टायरची', गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर 'ती गेरची' आणि आईच्या तोंडी 'वीस हजारांचं खूळ'. यातलं शेवटचं नाव किमतीपुरतं खोटं आहे. खरा आकडा मी तिला अजून सांगितलेला नाही.

गेल्या दिवाळीत पुण्याहून एक पाहुणा आला होता, भाचीच्या सासरकडचा. मनगटावर हृदयाचे ठोके मोजणारं घड्याळ, बोलण्यात सस्पेन्शन. मीही सायकल हाणते हे कळल्यावर त्यानं चिवड्याची बशी बाजूला सारली आणि विचारलं, "तुमच्याकडे ट्रेल नेटवर्क कसं आहे? ग्रेडिंग वगैरे?" परदेशात डोंगरातल्या सायकलवाटांना रंग दिलेले असतात. हिरवी नवशिक्यांची, निळी मध्यम, काळी म्हणजे घरी सांगून या. बर्फावरून घसरत उतरायच्या उतारांना अशा खुणा असायच्या, तीच पद्धत सायकलवाल्यांनी उचलली.

"आहे की," मी ठसक्यात म्हटलं आणि तिथंच अडखळले. आमच्या वाटा कुणी सायकलीसाठी आखलेल्या नाहीत. फाटा आला तर पाटी नाही. नकाशात काही तुटक रेघांनी दिसतात, काही तेवढ्याही दिसत नाहीत. मी बोटांवर मोजायला लागले, "आधी पाणंद. मग सोंड. वर गेलं की सडा." त्यानं समजूतदारपणे मान हलवली, म्हणजे त्याला काही कळलं नव्हतं. तेव्हा फराळ चालला होता, राहून गेलं. आता सांगते.

शिवाजी पूल ओलांडला की पंचगंगेपलीकडं ऊसच ऊस. चिखली, वडणगे, निगवे. सगळी काळीभोर, नदीनं आणून टाकलेली जमीन. डांबरी सोडून आत शिरलं की दोन शेतांच्या मधून बैलगाडी जाईल एवढी वाट लागते. ती पाणंद. दोन्ही अंगाला बांध, बांधावर घाणेरी आणि बाभळ, खाली दोन चाकोऱ्या आणि चाकोऱ्यांच्या मधे गवताची शेंडी. पिढ्यान् पिढ्या गाड्यांची चाकं आणि पावसाचं पाणी एकाच जागेवरून गेल्यामुळं पाणंद शेतापेक्षा खाली बसलेली असते. सायकलीवरून जाताना आपलं डोकं जेमतेम बांधाच्या वर येतं आणि उसाची पानं कानाशी सळसळत राहतात. सकाळी सहाला पाणंदीत हवा इतकी गार असते की उघड्या माळावरून तिच्यात उतरताना पाण्यात पाय घातल्यासारखं वाटतं.

पाहुण्याच्या हिशेबानं ही हिरवी वाट. चढ नाही, कडा नाही. पण दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की तिचा रंग बदलतो. चाकोऱ्या पाचटानं भरून जातात आणि पाचटाखाली काय दडलंय हे चाक आत गेल्याशिवाय कळत नाही. कधी ट्रॅक्टरनं पाडलेली ढोपरभर खोल चर, कधी पाटाचं सुटलेलं पाणी. पाचटाची पात मागच्या दातेरी चाकात गुंडाळली गेली की साखळी ठप्प. समोरून उसाची ट्रॉली आली तर परत फिरायला जागा नसते. सायकल खांद्यावर घेऊन बांधावर चढायचं आणि ट्रॅक्टरवरचं गाणं लांब जाईपर्यंत बाभळीला चुकवत उभं राहायचं. बाभळीचा काटा हे आमच्या पंक्चरांचं पहिलं कारण, सराटे हे दुसरं. टायरमधली ट्यूब काढून चीक भरून घेतला तेव्हापासून पंप क्वचित बाहेर निघतो. काटा शिरला तरी तो चीक भोकाशी येऊन थिजतो आणि चाक पुढं जातं.

पावसाळ्यात मात्र पाणंदीचं नाव काढायचं नाही. मी शाळेत भूगोल शिकवते. 'काळी मृदा ओलावा धरून ठेवते' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. ती आणखी काय काय धरून ठेवते हे मला पहिल्या जुलैत समजलं. ओल्या काळ्या मातीचा टायरवर थरावर थर चढत जातो आणि पन्नासएक पावलांत चाक सायकलीच्या चिमट्यात अडकून फिरायचंच थांबतं. मग काटकी घेऊन माती खरवडायची, पुन्हा पन्नास पावलं. त्या दिवशी मी दोन किलोमीटरला सव्वा तास घेतला आणि एका चपलेला, नव्हे बुटाला, मुकले.

गुऱ्हाळ लागलं तर थांबायचं, हा आमचा अलिखित नियम. कायलीतून वाफ निघत असते, चुलवाणात चिपाडं सारणारा गडी आपल्याकडं न बघताच म्हणतो, "बसा की." पाच मिनिटांत हातात गरम गूळ येतो. हृदयाचे ठोके मोजणाऱ्या घड्याळाला हा थांबा कसा कळत असेल, देव जाणे.

आता सोंड.

जोतिबाच्या डोंगराकडं बघितलं तर तो एकसंध चढत जात नाही. त्याच्या धारा हत्तीच्या सोंडेसारख्या खाली शेतांपर्यंत उतरतात. वळणांचा घाट गाड्यांसाठी, सोंड पायांसाठी. पोहाळ्याच्या अंगानं जी सोंड चढते तिच्यावर माझा फार जीव आहे. खाली पोहाळ्याची बौद्ध लेणी, वर वाडी रत्नागिरी, आणि मधे साधारण पाऊण तास असा की ज्यात मी स्वतःला तीनदा शिव्या देते.

हा चढ पायऱ्या-पायऱ्यांचा आहे आणि त्याला कारण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं लाव्हा भेगांमधून उसळून पसरला, निवला, पुन्हा पसरला. थरावर थर. एकेका थराचं अंग टणक, तर वरचा भाग बुडबुड्यांमुळं जाळीदार आणि ठिसूळ. ठिसूळ भाग झिजून त्याचा उतार होतो, टणक भाग कड्यासारखा उभा राहतो. सोंडेवर चढताना हे सगळं मांड्यांना वाचता येतं. सुटा मुरूम, हलका चढ, जरा श्वास घ्यायला सपाटी, मग एकदम गुडघाभर उंचीचा उभा खडक. पुन्हा मुरूम, पुन्हा सपाटी, पुन्हा खडक. वर्गात बेसॉल्टच्या थरांची आकृती काढताना माझा हात आता थोडा वेगळा चालतो.

या सोंडेवर वाटा दोन आहेत आणि दोन्ही एकमेकींना सारख्या ओलांडत जातात. एक ढोरवाट. ती डोंगराच्या कुशीतून आडवी, रमतगमत, लांबलचक वळणं घेत चढते. दुसरी माणसांची. ती नाकासमोर सरळ. घाई असलेल्यांनी, डोक्यावर ओझं असलेल्यांनी, पालखी गाठायची असलेल्यांनी पाडलेली. सायकलवाटा बांधणाऱ्या लोकांचा जगभर एक ठोकताळा आहे. वाटेचा चढ हा डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवावा, नाहीतर पावसाचं पाणी वाट ओलांडून खाली जायच्या ऐवजी वाटेवरूनच धावतं आणि तिची घळ करून टाकतं. म्हशींना हे कुणी सांगितलेलं नाही. पण सोंडेवर बघा, ढोरवाट सुपारीसारखी घट्ट आहे आणि माणसांच्या सरळ वाटेची कंबरभर खोल घळ झालेली आहे, तळाला नुसते गोटे. चढताना आम्ही म्हशींच्या मागं जातो. उतरताना मोह होतो.

त्या मोहापायी मी दोन वर्षांपूर्वी पडले. घळीच्या तोंडाशी मुरूम असा पसरला होता की गोट्यांच्या खेळावरून चाक फिरावं. वेग थोडा वाढला, मला भीती वाटली, आणि भीती वाटली की माझ्या डाव्या हाताच्या आधी उजवा हात दचकतो. पुढचं चाक जागेवर थांबलं, मागचं आकाशात गेलं. मी हँडलवरून पुढं जाऊन ढोपर आणि तळहात यांच्यावर उतरले. मावसभाऊ मागून आला, सायकल बाजूला ठेवून माझ्याकडं नीट बघितलं, हाडं शाबूत आहेत याची खात्री केली, आणि मगच म्हणाला, "आक्का, पुढचा दाबलास न्हवं?"

दाबला होता. उतारावर सगळं वजन पुढं येतं. खरी थांबवायची ताकद पुढच्याच ब्रेकमध्ये असते, म्हणून तो सोडायचा नसतो, पण चिमटीनं वापरायचा असतो, दुधावरची साय काढावी तसा. बूड सीटच्या मागं न्यायचं, टाचा खाली, आणि डोळे चाकाखालच्या दगडावर न ठेवता जिथं बाहेर पडायचंय तिथं. दगडाकडं बघितलं की चाक दगडाकडंच जातं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. तोंडपाठ असण्याचा ढोपराला काही उपयोग झाला नाही.

रविवारी आम्ही या सोंडेकडं फिरकत नाही. रविवार जोतिबाचा, पायी येणाऱ्या माणसांचा. म्हातारी माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. वाट त्यांची आहे. त्यांना बाजूला व्हायला लावून खाली सुटणारे काही गट मी बघितले आहेत, आणि त्यांच्या सायकली माझ्यापेक्षा फार भारी होत्या एवढंच सांगते. चैत्र यात्रेनंतर पंधरा दिवसांनी जा. सासनकाठ्या परत गेलेल्या असतात, पण मातीत गुलाल मुरलेला असतो. घरी येऊन सायकल धुतली की मोरीत गुलाबी पाणी वाहतं आणि आई हात जोडते. सायकलीबद्दलचं तिचं मत तेवढ्या दिवसापुरतं निवळलेलं असतं.

गव्याबद्दल एकच प्रसंग. गिरोलीच्या बाजूला, डिसेंबरातल्या धुक्यात, वीसेक पावलांवर झाडीत एक काळा खडक होता. तो खडक हलला. पूर्ण वाढलेला नर गवा टनाच्या आसपास भरतो. ते आकडे आठवायची ती वेळ नव्हती, पण मला आठवले. आम्ही सायकली आडव्या धरून जागच्या जागी उभे राहिलो. त्यानं आमच्याकडं बघितलं, फुर्र केलं, आणि आम्ही बघण्यालायक नाही असं ठरवून ओढ्यात उतरला. त्या दिवशी पुढची वाट आम्ही उद्यावर टाकली.

सडा, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट खडकाळ पठार, मात्र वेगळ्याच जगातला आहे. पन्हाळ्याहून तुरुकवाडी, म्हाळुंगे करत गेलं की मसाई पठार लागतं. शहरापासून इथवर येईपर्यंत आपण जवळजवळ चारशे मीटर उंच आलेलो असतो, आणि पायाखालचा दगडही बदललेला असतो. खाली काळा बेसॉल्ट, वर तांबडा जांभा. लाखो पावसाळ्यांनी मूळ खडकातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं, त्याचा हा गंजलेला, मधाच्या पोळ्यासारखा दगड झाला. त्याच्या छिद्रांमधून पाणी खाली झिरपतं आणि जिथं जांभा संपून खालचा खडक लागतो तिथं कड्याच्या पोटातून झरा होऊन बाहेर पडतं. म्हणून आजूबाजूच्या कितीतरी वाड्यांचं पाणी कड्याच्या बुडाशी आहे. आमच्या बाटल्याही तिथंच भरतात.

जांभ्यावर टायर जी पकड घेतं ती दुसऱ्या कशावर घेत नाही. कोरड्या सड्यावर सायकल वळवताना ती जमिनीला शिवलेली वाटते. उलट बाजू अशी की इथं पडलं तर किसणीवर खोबरं किसावं तशी कातडी जाते. मी पुढच्या चाकात हवा बावीस पौंड ठेवते, मागं पंचवीस. मावसभाऊ माझ्यापेक्षा वीस किलोनं जड असून तेवढीच ठेवतो आणि रिंगेला पोचे पाडून घेतो. सांगून उपयोग नाही.

इथं आलं की प्रत्येकाला इतिहासाचं भाषण द्यायची उबळ येते. याच पठारावरून जुलै १६६० मध्ये, सिद्दी जौहरचा वेढा चुकवून, महाराजांची पालखी विशाळगडाकडं गेली हे कोल्हापुरातल्या पोराला दूध सुटायच्या आधी माहीत असतं. मला इथं फक्त चिखल आठवतो. जुलैतला, रात्रीचा, या सड्यावरचा पाऊस आडवा येतो आणि धुक्यात स्वतःचं पुढचं चाक दिसत नाही. आम्ही एकदा भर दुपारी त्या धुक्यात सापडलो. मसाईच्या देवळापासून निघून अर्ध्या तासानं पुन्हा मसाईच्या देवळापाशी आलो. वाट सपाट असली की हरवणं फार सोपं असतं. खांद्यावर पालखी, पायात वहाणा, मागावर घोडदळ, अशा माणसांनी तो काळोख कसा कापला असेल याचा विचार करत मी देवळाच्या पायरीवर बसले आणि सायकलीबद्दल पुढचा तासभर काही बोलले नाही.

सप्टेंबरात सडा फुलतो. सीतेची आसवं, गेंद, तेरडा. सीतेच्या आसवांचं ते निळं-जांभळं फूल नखाएवढं आणि झाड शिकारी. सड्यावरच्या बोटभर मातीत पोषण नाही, म्हणून ते आपल्या बारीक पिशव्यांत पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातं. एवढी हिकमत करून जगणाऱ्या झाडावरून चाक नेताना लाज वाटली पाहिजे. पठार आता संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालेलं आहे. पण जाहीर व्हायच्या आधीपासून आमचा शिरस्ता असा की फुलांच्या दिवसांत सायकल मळलेल्या गाडीवाटेवर, आणि गाडीवाट फुलली असेल तर हातात धरून. व्हिडिओसाठी फुलांतून सायकल उडवणारे आले की मावसभाऊ त्यांच्याशी बोलायला जातो. तो लहानपणी तालमीत होता. संभाषण सहसा लवकर आटपतं.

याच सड्यावर माझ्या सायकलीचा हँगर तुटला. मागचा गिअर बदलणारा जो सांगाडा असतो तो फ्रेमला ज्या दोन बोटांएवढ्या पट्टीनं जोडलेला असतो ती पट्टी. एक दगड उडाला, सांगाडा चाकात गेला, कटकन आवाज आला. घर पस्तीस किलोमीटर लांब. आम्ही दोघं वाकून बघत बसलो होतो तेवढ्यात मागून आवाज आला, "काय झालं ओ?"

घोंगडं पांघरलेला एक धनगर, हातात काठी, पाच-पन्नास मेंढरं. मला बघून थबकला. "बाई हाय व्हय!"

"गेर तुटला मामा," मावसभाऊ म्हणाला.

त्यांनी वाकून बघितलं. साखळी लोंबत होती, सांगाडा मेलेल्या खेकड्यासारखा. "मग बिनगेरची करा की."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. तेच करायचं होतं, फक्त आम्हाला सुचायला अजून दहा मिनिटं लागली असती. साखळी तोडून आखूड केली, मधल्या एका दातेरी चाकावर ओढून बसवली. मामांनी सायकल धरून ठेवली. धरल्या धरल्या किंमत विचारली. मावसभावानं खरी सांगितली. मामा काही वेळ मेंढरांकडं बघत राहिले. मग माझ्याकडं वळून, फार मायेनं म्हणाले, "मोटारसायकल परवडंना व्हय?"

सपाटीला पाय भिरभिरत आणि चढाला सायकल ढकलत आम्ही रात्री आठला फुलेवाडीत पोचलो.

नवा हँगर मी मोबाइलवरून मागवला. बारा दिवसांनी आला तो दुसऱ्याच सायकलीचा. परत पाठवला, पुन्हा दहा दिवस, पुन्हा तोच. शेवटी मावसभाऊ मला उद्यमनगरात घेऊन गेला. ज्यांनी इथं तेलाची इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग करण्यात हयाती घातल्या त्यांच्यापैकीच एका मेस्त्रींचं शेड. तुटलेले दोन तुकडे मी त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते जुळवून उजेडाकडं धरले. "हे तुटलंच कसं? हलक्या मालाचं हाय. मी पोलादात करून देतो. सायकल तुटंल, हे तुटायचं न्हाई."

"मेस्त्री, तेच तर नको आहे," मी म्हटलं.

मग त्यांना समजावलं. ही पट्टी मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमची करतात. धक्का बसला की आधी हिनं तुटायचं, म्हणजे महागाचा सांगाडा आणि त्याहून महागाची फ्रेम वाचते. मेस्त्री क्षणभर थांबले. "म्हणजे आमच्या मशिनीची शिअर पिन," ते म्हणाले. "मग असं बोला की." पुढं मला काहीच सांगावं लागलं नाही. ढिगाऱ्यातून ॲल्युमिनियमचा तुकडा काढला, व्हर्नियरनं जुन्याची मापं घेतली, मिलिंगवर आकार आणला, कानसीनं कडा मारल्या. आटे कसले म्हणून बघितलं. "दहा-एकचा टॅप." खण उघडून टॅप काढला. तासाभरात पट्टी तयार झाली आणि लगोलग तिची जुळी बहीण पण, 'म्हणजे पुन्हा तुटंल तवा'. पैसे घेईनात. चहा मात्र त्यांनीच पाजला.

त्या चहावर मी त्यांना रिपॅकची गोष्ट सांगितली. १९७६ साली कॅलिफोर्नियात, मरिन काउंटीमध्ये, काही पोरं जुन्या जाडजूड सायकली घेऊन डोंगरावरून मातीच्या वाटेनं खाली शर्यत लावत होती. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या तुंब्यात असायचा, पायडल उलटं दाबलं की लागायचा. एका उतारातच त्यातलं ग्रीस जळून धूर व्हायचा, आणि प्रत्येक फेरीनंतर तुंबा खोलून नवं ग्रीस भरायला लागायचं. पुन्हा भरणं, म्हणून त्या उताराचं नावच रिपॅक पडलं. त्याच मंडळींनी मग गॅरेजांत जोडाजोड करत डोंगराची सायकल घडवली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ती शर्यतीला उतरली. मेस्त्रींनी ऑलिंपिक सोडून दिलं. "तुंबा खोलून ग्रीस भरायचे," ते खुशीत म्हणाले, "म्हणजे आमच्यासारखीच होती की पोरं."

एवढं सगळं सांगितल्यावर पाहुणा विचारील, की मग नकाशा करून टाका, पाट्या लावा. मीही कधीकाळी हा विचार केला होता. पण आमचं नेटवर्क टिकवणारे लोक सायकलवाले नाहीतच, हे हळूहळू ध्यानात आलं. पाणंद टिकते ती गाड्यांमुळं, सोंड टिकते ती ढोरांमुळं आणि सरपणामुळं. आता घरोघर गॅस आहे. ढोरं गोठ्यात बांधून, वैरण घालून वाढतात. वाडीवाडीला मोटारसायकल आहे, वाडीपर्यंत डांबरी आहे. शासनाच्या योजनेतून पाणंदींचे रस्ते होताहेत; जेसीबी येतो, बांध मागं सरकतो, मुरूम पडतो. मला वाईट वाटतं, आणि ते वाईट वाटणं फुकटचं आहे हेही कळतं. ज्याचा ऊस चिखलात अडकून तोड लांबते, वजन घटतं, त्याला माझ्या सकाळच्या गारव्याचं काय? मी तक्रार करणार नाही. फक्त वडणग्याच्या मागची एक पाणंद होती, तिच्या तोंडाशी जुना आंबा होता. आता तिथून मी चाळीसच्या वेगानं जाते आणि काहीच आठवत नाही.

सोंडेचं दुखणं वेगळं. तिच्यावर कुणी रस्ता करत नाही, ती नुसती मिटत चालली आहे. गेल्या पावसाळ्यानंतर गेलो तर ढोरवाटेच्या मधल्या टप्प्यात घाणेरी आणि रानमोडी दोन्हीकडून येऊन मिळालेल्या. वाट खाली आहे हे मला माहीत होतं, पण चाकाला दिसत नव्हतं. आम्ही दोघांनी कोयते नेले. तीन सुट्ट्या घालवल्या. हाताला फोड आले, मावसभावाला गांधीलमाशी चावली, आणि साधारण दोनशे पावलांची वाट मोकळी झाली. पुढचा पाऊस पडला की ती पुन्हा येणार. आम्ही महिन्यातून दोनदा जातो. म्हशी रोज जायच्या.

फेब्रुवारीतली गोष्ट. गवत वाळून पिवळं पडलेलं, मोज्यांत कुसळं घुसलेली. साफ केलेल्या टप्प्याच्या वर पुन्हा गचपण होतं, तिथं आम्ही सायकली टेकवून वर शिरावं की मागं फिरावं असा वाद घालत होतो. तेवढ्यात गचपण हललं. मला आधी गवाच वाटला. बाहेर आली ती मोळी, मग मोळीखालची बाई. साठीची असेल, नऊवारीचा काचा मारलेला, हातात विळा. वाट एकाच माणसापुरती होती. आम्ही सायकली उचलून उताराच्या बाजूला झालो, मोळीला धक्का लागू नये म्हणून जरा जास्तच वाकलो.

ती आमच्या बरोबरीला येऊन थांबली. मोळी न हलवता फक्त डोळे फिरवून आधी सायकली बघितल्या, मग मला.

"वर जायाचं हाय?"

"व्हय. पण वाट मिटलीया न्हवं मावशी? म्हणून थांबलो."

लिहिताना मी 'थांबले' लिहिते. सोंडेवर तोंडातून 'थांबलो'च निघतं, आमच्याकडच्या बायकांचं तसंच असतं.

"कोण म्हनतंय मिटलीया?" ती म्हणाली. विळ्याच्या टोकानं तिनं मागं दाखवलं, जिथं मला नुसती झुडपं दिसत होती. "जावा बिनघोर. आत्ताच मी तिथनं आलो."